थेंबाचा हिशेब : जुन्या डिझेल गाडीच्या इंधनबचतीच्या अभ्यासाची प्रस्तावना

सांगलीहून तासगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर माधवनगर लागते, मग बुधगाव आणि पुढे कवलापूर. कवलापूर हे काळू-बाळूंचे गाव. या जुळ्या भावांच्या फडाने ‘जहरी प्याला’ हा वग महाराष्ट्रभर नेला. तमाशाच्या फडाचा सगळा संसार चाकांवर असतो. कनात, मंचाच्या फळ्या, कपड्यांच्या पेट्या, वाद्ये, जनरेटर आणि स्वयंपाकाची भांडी ट्रकमध्ये चढतात, तर माणसे बसमध्ये. दसऱ्याला बाहेर पडलेला फड उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव फिरत राहतो. रात्री खेळ, पहाटे प्रवास, आणि झोप मिळेल तेवढी गाडीत. परदेशांत राहण्यासाठी बांधलेल्या मोटारी घेऊन लोक हौसेने फिरतात. आपल्याकडे फडाची बस हे पोटासाठी फिरणारे घर आहे.

अशी गाडी बहुधा जुनी असते. पावसाने खेळ बुडाला, तिकिटे खपली नाहीत, तरी पुढच्या गावाला जावे लागतेच आणि डिझेल भरावे लागतेच. हीच गोष्ट द्राक्षे आणि बेदाणा वाहणाऱ्या जुन्या ट्रकची, उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची आणि विहिरीवरच्या ऑइल इंजिनाची. नवे घेण्याची ऐपत नाही आणि जुने टाकून देण्याजोगे झालेले नाही, अशा इंजिनांवर फार माणसांचे पोट चालते. ती इंजिने कमी डिझेलमध्ये नीट कशी चालवावीत, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हा विषय गॅरेजमध्ये रोज बोलला जातो, पण त्याचा सलग अभ्यास म्हणून क्वचित मांडला जातो. मिस्त्रीचे ज्ञान त्याच्या हातात आणि कानात असते, तर प्राध्यापकाचे आलेखात आणि सूत्रात. दोघे एकाच इंजिनाविषयी बोलत असतात. त्या दोघांना एका टेबलाशी बसवणे हा या पुस्तकाचा हेतू. माझे म्हणणे थोडक्यात असे : जुन्या इंजिनाची इंधनबचत हे मुळात मोजण्याचे शास्त्र आहे. जुन्या गाडीतले डिझेल एका मोठ्या भोकातून वाया जात नाही. ते दहा लहान ठिकाणी थोडे थोडे जाते. ज्याने मोजले त्याला ती ठिकाणे सापडतात. ज्याने मोजले नाही तो एकामागून एक सुटे भाग बदलत राहतो.

डिझेल इंजिनाचा इतिहासच मोजमापापासून सुरू होतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याला १८९३ साली पेटंट मिळाले. ऑग्सबर्गच्या कारखान्यात इंजिन प्रत्यक्ष नीट चालायला मात्र आणखी चार वर्षे गेली. फेब्रुवारी १८९७ मध्ये म्युनिकच्या मॉरिट्झ श्रोटर या प्राध्यापकांनी त्याची चाचणी घेतली. ती चाचणी वेगाची नव्हती आणि नुसत्या ताकदीचीही नव्हती. किती इंधन घातले आणि किती काम मिळाले, याचा तो हिशेब होता. इंधनातल्या उष्णतेपैकी २६.२ टक्के उष्णतेचे काम झाले, असे उत्तर आले. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हा आकडा गाठणे शक्य नव्हते. या इंजिनाची ओळखच काटकसर ही आहे.

आपल्या भागाचे या इंजिनाशी नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या जमिनीवर किर्लोस्करवाडी वसवली. नांगर, चरक आणि पंप यांमुळे कृष्णाकाठचा शेतकरी यंत्राला सरावला. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि तिथे स्वातंत्र्यापूर्वीच डिझेल इंजिने बनू लागली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढच्या काही दशकांत विहिरीवर, गुऱ्हाळात, पिठाच्या गिरणीत आणि कडबाकुट्टीवर ऑइल इंजिनाचा ठोका ऐकू येऊ लागला. सांगलीत १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, तेच आजचे वालचंद महाविद्यालय. म्हणजे इंजिन बनवणारे, वापरणारे, दुरुस्त करणारे आणि शिकवणारे असे चौघेही आपल्या दोन जिल्ह्यांत फार पूर्वीपासून आहेत.

रस्त्यावरची गोष्ट थोडी वेगळी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. १९५४ मध्ये टाटांनी डेमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. १९६९ मध्ये तो करार संपला, पण त्यातून रुजलेली इंजिनांची घराणी पुढे अनेक वर्षे भारतीय रस्त्यांवर राहिली. जुन्या मिस्त्रींच्या तोंडी असलेले ‘६९२’ आणि ‘६९७’ हे आकडे त्याच घराण्यांचे. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७. त्याचा स्ट्रोक १२८ मिलिमीटर आणि एकूण आकारमान ५,६७५ घनसेंटिमीटर. या इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाही. पाना, फिलर गेज, नोझल टेस्टर आणि जाणता कान एवढ्यावर ते समजून घेता येते. म्हणूनच शिकायला सुरुवात करणाऱ्यासाठी जुने इंजिन हा उत्तम गुरू आहे.

आता विषयाच्या आत शिरू. एक लिटर डिझेलमध्ये साधारण दहा युनिट विजेएवढी ऊर्जा असते. चांगल्या स्थितीतले जुने इंजिन त्यातला सुमारे तिसरा हिस्सा कामाला लावते. उरलेल्यापैकी बराचसा भाग सायलेन्सरमधून गरम धुराबरोबर जातो आणि बाकीचा रेडिएटरमधून. ही वाटणी निसर्गनियमांनी आणि इंजिनाच्या घडणीने ठरलेली असते. ट्यूनिंग करून ती उलटवता येत नाही. ट्यूनिंगने परत मिळते ते एवढेच : इंजिन नवे असताना जे देत होते आणि झीज, घाण, दुर्लक्ष यांमुळे जे देईनासे झाले, ते. विद्यार्थ्याने ही मर्यादा पहिल्याच दिवशी मान्य करावी. तिच्या आत करण्यासारखे पुष्कळ आहे.

डिझेल इंजिनाला तीन गोष्टी वेळेवर आणि मापात लागतात : हवा, दाब आणि इंधन.

हवेपासून सुरुवात करू, कारण ती फुकट असल्यामुळे तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान बारा किलो हवा लागते. आकारमानाने ती दहा-अकरा हजार लिटर भरते. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहून बरीच जास्त हवा ओढते. सांगली-माधवनगर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा आधीच सुमारे पाच टक्के विरळ असते. त्यात एअर फिल्टर जत्रेच्या मैदानातल्या धुळीने तुंबला, तर इंजिनाचा श्वास कोंडतो. पंप पहिल्याइतकेच डिझेल पाठवतो, ते जाळायला हवा पुरत नाही आणि काळा धूर निघतो. काळा धूर म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेला आणि न जळता बाहेर गेलेला कार्बन. फिल्टर साफ करणे हे सगळ्यांत स्वस्त काम, म्हणून आमच्या तपासणीच्या यादीत ते सगळ्यांत वर आहे. हवेच्याच प्रकरणात टॅपेट येतात. व्हॉल्व्ह आणि रॉकर यांच्यातली फट मिलिमीटरच्या दोन-चार दशांशांइतकी असते. फट वाढली की व्हॉल्व्ह उशिरा आणि कमी उघडतो. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, दाब गळतो आणि सीट जळते. नेमकी फट किती ठेवायची, हे इंजिन बनवणाऱ्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावे. इंजिन गार असताना की गरम असताना, हेही तिथेच पाहावे.

दुसरी गोष्ट दाब. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा इतकी तापते की तिच्यात शिरलेले डिझेल आपोआप पेट घेते. रिंगा झिजल्या, लायनर ओढला गेला किंवा हेड गॅस्केट गळू लागले, की हवा पुरेशी दाबली जात नाही आणि पुरेशी तापतही नाही. थंडीच्या सकाळी इंजिन लवकर उचलत नाही आणि पांढरा धूर टाकते. तो धूर म्हणजे न पेटलेले डिझेल. ऑइल जळू लागले की धूर निळसर होतो. धुराचे हे तीन रंग ओळखणे हा या शास्त्राचा पहिला धडा. मात्र रंग फक्त दिशा दाखवतो. नक्की किती बिघडले आहे हे कॉम्प्रेशन गेज सांगतो, आणि तोही एक-एक सिलिंडर तपासून. सहापैकी एकच सिलिंडर कमी दाब दाखवत असेल, तर अख्खे इंजिन बांधण्याची घाई करू नये.

तिसरी गोष्ट इंधन. इथे मापाची बारकाई थक्क करणारी आहे. देशभरातल्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत किर्लोस्करचे ‘टीव्ही-१’ हे एका सिलिंडरचे इंजिन वर्षानुवर्षे वापरले गेले आहे. बोअर ८७.५ मिलिमीटर, स्ट्रोक ११० मिलिमीटर, कॉम्प्रेशन रेशो १७.५, मिनिटाला १,५०० फेऱ्या आणि शक्ती ५.२ किलोवॅट. हे इंजिन पूर्ण भारावर चालताना दर फवाऱ्याला किती डिझेल घेते, याचे गणित केले तर उत्तर साधारण ३५ घनमिलिमीटर येते. म्हणजे जेमतेम एक-दीड थेंब. तो थेंब सुमारे २०० बार दाबाने, केसासारख्या बारीक छिद्रांतून, धुक्यासारखा फुटला पाहिजे. नोझल झिजला की धुके पडण्याऐवजी धार पडते, किंवा फवारा संपल्यावर टोकाला थेंब ठिबकतो. मग तेच डिझेल नीट जळत नाही. नोझल टेस्टरवर बसवून हाताने दाब दिला की ही गोष्ट कुणालाही डोळ्यांनी दिसते. विद्यार्थ्याने ती एकदा तरी पाहावी. हात मात्र फवाऱ्यापासून लांब ठेवावा, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि ती जखम गंभीर असते.

थेंब किती, याइतकेच तो केव्हा हेही महत्त्वाचे. टीव्ही-१ मध्ये पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या २३ अंश आधी फवारा सुरू होतो. १,५०० फेऱ्यांच्या वेगाला इंजिन एका मिलिसेकंदात नऊ अंश फिरते. म्हणजे सगळा खेळ अडीच मिलिसेकंदांचा. टायमिंग मागे पडले तर डिझेल उशिरा जळते आणि त्याची उष्णता पिस्टनला ढकलण्याऐवजी सायलेन्सर तापवते. फार पुढे गेले तर इंजिन ठोकू लागते आणि बेअरिंगांवर ताण येतो. पंपाची साखळी किंवा गिअर झिजल्याने टायमिंग हळूहळू सरकते. ते इतके हळू सरकते की रोज गाडी चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पंपाचे कॅलिब्रेशन मात्र घरी करण्याचे काम नाही. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट काही मायक्रॉनचीच असते. ते काम पंपाच्या टेस्ट बेंचवर, जाणत्या माणसाकडूनच व्हावे.

या तिन्हींच्या जोडीला उष्णता येते. आपल्याकडे इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची सवय सर्रास आहे. त्याने इंजिन गार राहते हे खरे, पण गरजेपेक्षा जास्त गार राहते. ऑइल घट्ट राहते, घर्षण वाढते, ज्वलन अपुरे होते आणि लायनर लवकर झिजतो. रेडिएटर साफ करून थर्मोस्टॅट जागेवर ठेवणे हाच योग्य मार्ग. फडाच्या जनरेटरचेही तसेच. मोठ्या जनरेटरवर चार दिवे लावून रात्र काढली, तर दर युनिट विजेमागे डिझेल जास्त जाते आणि नोझल काजळतात. भार पाहून जनरेटर निवडणे हीसुद्धा इंधनबचतच.

इंजिन उत्तम असूनही गाडी डिझेल खाते, असे फार वेळा घडते. अशा वेळी बॉनेटखाली शोधून उपयोग नसतो. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवावे. फिरत नसेल तर ब्रेक धरून राहिला आहे. टायरमधली हवा गेजने मोजावी. क्लच सरकतो का ते चढावर पाहावे. वेगाचा हिशेब तर प्रत्येक ड्रायव्हरला पाठ असावा : हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठच्या वेगाला जो अडथळा होतो, त्याच्या पावणेदोन पट अडथळा ऐंशीला होतो. टपावर सामान बांधलेल्या उंच बसला तो जास्तच भोवतो. म्हणून ड्रायव्हरचा पाय हा या शास्त्राचा एक स्वतंत्र अध्याय आहे. एसटीत दहा लिटरमागे किती किलोमीटर, म्हणजे ‘केपीटीएल’, हा हिशेब आगाराच्या कामकाजाचा नेहमीचा भाग असतो. १९७० च्या दशकातल्या तेलसंकटानंतर, १९७८ मध्ये केंद्र सरकारने पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन केली. तिच्या प्रचारातही देखभालीइतकाच भर चालवण्याच्या सवयींवर राहिला आहे.

आता मोजण्याची रीत. टाकी काठोकाठ भरावी, नेहमीच्या रस्त्याला नेहमीच्या भाराने जावे, आणि त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, पुन्हा काठोकाठ भरावी. दिसायला सोपे आहे, पण यातही चकवे आहेत. डिझेल उष्णतेने फुगते. शंभर लिटर डिझेल पंधरा अंशांनी तापले तर सुमारे सव्वा लिटर जास्त भरते. म्हणजे एका टाकीवरून काढलेला टक्का-दीड टक्क्याचा फरक खरा मानता येत नाही. वारा, भार, घाट आणि ड्रायव्हर बदलला तरी आकडा बदलतो. म्हणून एका वेळी एकच दुरुस्ती करावी, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या अनेक टाक्यांची सरासरी घ्यावी, आणि मगच निष्कर्ष काढावा. एकाच दिवशी फिल्टर, नोझल आणि टायर बदलले तर गाडी सुधारेल, पण कशाने सुधारली हे कधीच कळणार नाही.

हीच रीत बाजारातल्या चमत्कारिक उपायांनाही लावावी. डिझेलच्या नळीला लावायची चुंबके आणि टाकीत टाकायच्या गोळ्या सगळीकडे विकल्या जातात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. बहुतेकांचा उपयोग दिसला नाही. थोड्यांनी किंचित फरक दाखवला, पण त्यातल्या काहींनी धूर वाढवला. कष्टाचा पैसा अशा ठिकाणी जाऊ नये, ही या पुस्तकामागची एक मोठी तळमळ आहे.

जुन्या इंजिनापुढे आज नवे प्रश्नही आहेत. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ प्रतीचे डिझेल मिळते. त्यात गंधकाचे प्रमाण दहा लाखात दहा भागांपर्यंत उतरले. हवेसाठी ही फार चांगली गोष्ट आहे. पण जुने पंप वेगळ्या डिझेलवर वाढले, त्यांच्या रबरी सीलांकडे आणि गळतीकडे आता जास्त लक्ष द्यावे लागते. पीयूसीच्या वेळी जुन्या डिझेल गाडीला धुराच्या घनतेची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक असते. बहुतेक मालक ते प्रमाणपत्र घेऊन खणात टाकतात. खरे तर दर वेळचा आकडा वहीत उतरवून ठेवला, तर तो इंजिनाच्या तब्येतीचा आयता आलेख होतो. कमी डिझेल जाळणे आणि कमी धूर सोडणे ही बहुतेक वेळा एकाच कामाची दोन फळे असतात. गाडीच्या मागे चालणाऱ्या लेकराच्या फुप्फुसांचाही या हिशेबात वाटा आहे. आणि जे इंजिन दुरुस्तीच्या पलीकडे गेले आहे ते निवृत्त करावे, हेही आम्ही तितक्याच स्पष्टपणे सांगतो.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात मोजणे, दुसऱ्यात हवा, दाब, इंधन आणि उष्णता, तिसऱ्यात चाके, ब्रेक, टप आणि ड्रायव्हर, आणि चौथ्यात नोंदवहीचे नमुने. वाचायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. ज्याला भागाकार येतो आणि पाना धरता येतो, त्याला हे पुस्तक कळेल. पदवीधरांनी ते गॅरेजमध्ये उभे राहून वाचावे आणि मिस्त्रींनी चहाच्या वेळी बसून वाचावे. गॅरेजमध्ये जे शब्द बोलले जातात तेच आम्ही ठेवले आहेत.

हे ज्ञान आम्हाला ज्यांनी दिले, त्यांपैकी अनेकांनी कधी एक पानही लिहिलेले नाही. सांगली, मिरज आणि तासगावच्या गॅरेजांतले मिस्त्री, पंपाच्या बेंचवर डोळे शिणवणारे कारागीर, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर, आणि रात्रभर फडाची गाडी हाकणारे ड्रायव्हर यांचे ऋण मोठे आहे. त्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर संपू नये, म्हणूनही हा खटाटोप.

नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे या विषयात मनापासून स्वागत आहे. इथे करण्यासारखे काम अफाट आहे. समजा, लिटरला पाच किलोमीटर देणारी बस साडेपाच देऊ लागली. दहा हजार किलोमीटरच्या हंगामात तिचे १८० लिटरहून अधिक डिझेल वाचते. एका फडाला हे पैसे कलावंतांच्या पदरात घालता येतात. अशा शेकडो गाड्यांच्या वह्या एकत्र आल्या, तर कोणत्या दुरुस्तीने किती वाचते याचे उत्तर आपल्या रस्त्यांवरून आणि आपल्या भारांवरून मिळेल, दुसऱ्या देशाच्या पुस्तकातून उसने घ्यावे लागणार नाही. त्यासाठी प्रयोगशाळा उभी राहण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. तारीख, किलोमीटर, लिटर, भार आणि केलेले काम असे पाच रकाने आखावेत, आणि पहिली नोंद आजच्या टाकीपासून करावी.

माधवनगर, जि. सांगली